मी न राहिलेल्या देशाविषयी

जर्मनीत पहिलीच्या पहिल्या दिवशी मुले खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला मोठा कागदी शंकू, म्हणजे शूलट्यूटे, घेऊन शाळेत जातात, हे माझ्या शनिवारच्या जर्मन भाषेच्या वर्गाला सांगून झाले, शंकू रंगवून झाले, आणि निघता निघता एका छोटीने विचारले, "मॅडम, ज्याला घरी कोणी करून देत नसेल, तो काय घेऊन जातो?" पुष्कळ बालवाड्यांमध्येही असे शंकू करतात, असे मी सांगितले. ते खरेच आहे. तरीही प्रश्न मनातून जात नाही, कारण असा पहिला दिवस मी कधी पाहिलेला नाही. मी तिथे राहिलेलीच नाही.

ही प्रथा एकोणिसाव्या शतकात थुरिंगिया आणि सॅक्सनीकडे रुजली आणि इतर भागांत बरीच उशिरा पोहोचली, सोळा राज्यांची शालेय वर्षे एकाच दिवशी सुरू होत नाहीत, एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली परत केली की २५ सेंट मिळतात, हे सारे मी वाचून शिकले आणि तसेच शिकवते. "आम्ही फ्रायबुर्गला असताना" अशी सुरुवात करणाऱ्या सहकाऱ्यांच्या वर्गात मुले कशी कान टवकारतात, ते मी पाहिले आहे. मलाही जायचे होते. पण त्या वर्षी बाबांचे... असो.

संध्याकाळच्या परिचारिकांपुढे तर हे अधिकच टोचते. जर्मनीत नोकरीसाठी भाषेची बी-२ पातळी गाठायची म्हणून त्या ड्यूटी संपवून थेट वर्गात येतात आणि वॉर्डातले आजोबा बोलीभाषेत बोलू लागले तर काय करायचे, असे विचारतात. त्यांना रंगीत चित्रे दाखवून कसे भागेल? ज्या देशात त्यांना आयुष्य काढायचे आहे, तो मी त्यांना कोणत्या अधिकाराने समजावून सांगते?

पण आज वह्या तपासताना मन थोडे निवळले. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी आणताना मराठी माणूस अडखळतो आणि गौण वाक्यात ते शेवटी गेले की त्याला हायसे वाटते, तीन लिंगांचे त्याला भय नसते, पण कोणत्या नामाचे लिंग कोणते हे मात्र पाठच करावे लागते: हे मला आतून ठाऊक आहे, कारण मीही पुण्यातच, मोठेपणी, याच वाटेने शिकले. वॉर्डातल्या बोलीचे उत्तर माझ्यापाशी नाही, तर ते मागच्या तुकडीतली जी परिचारिका आता जर्मनीत श्टुटगार्टला काम करते, तिलाच विचारावे. रविवारी ती वर्गाशी बोलायला तयार आहे.

ग्योथे-इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा-संस्कृतीच्या संस्थेच्या शिक्षक-प्रशिक्षणात स्वतःच्या वर्गातला एक प्रश्न घेऊन तो तिथेच तपासून पाहायचा असतो, आणि माझा विषय कितीतरी दिवस ठरत नव्हता. आता लिहिला आहे: एखाद्या देशाची प्रथा शिकवताना, तिच्या बाहेर राहिलेली मुले आपल्या मुलांना केव्हा आणि कशी दाखवावीत? शुक्रवारपर्यंत प्रशिक्षणाच्या ताईंकडे पाठवायचा आहे.