बोटीवर कुणी हरवत नाही

आमच्या घरची सहल म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. सौंदत्ती असो, पंढरपूर असो की जोतिबा, सगळे एकाच गाडीत. चहाला सगळ्यांनी एकदमच उतरायचं, आणि एकजण रसवंतीपाशी रेंगाळला तर बाकीच्यांनी त्याच्या नावानं स्टँड डोक्यावर घ्यायचा. बेळगावात निम्म्या घरांत असंच चालतं. क्रूझवर हीच शिस्त नेली तर सहलीचा पार चुथडा होतो. मुंबई–गोवा झालं, लक्षद्वीप झालं, मध्ये एकदा सिंगापूरहूनही बोटीनं जाऊन आलो. यंदा पुन्हा लक्षद्वीप ठरलं तेव्हा निघायच्या आधीच घरात जाहीर केलं, "रात्रीचं जेवण तेवढं सगळ्यांनी एकत्र. बाकी ज्याचं त्यानं बघायचं."

निपाणीच्या वन्संना हे अजिबात पटलं नाही. "मग घरातनं एकत्र निघायचं तरी कशाला?" हा त्यांचा सवाल. त्याचं उत्तर त्यांना तिसऱ्या दिवशी आपोआप मिळालं, ते पुढं येईलच.

बोट मुंबईहून, बॅलार्ड पिअरवरून सुटते. बेळगाव–मुंबई रस्त्यानं सुमारे पाचशे किलोमीटर. रात्रीच्या स्लीपर बसनं सकाळी उतरून थेट बंदर गाठणारे पुष्कळ आहेत, पण आम्ही आदल्या दिवशीच जातो. हुबळी–दादर गाडी बेळगावातून संध्याकाळी धरली की पहाटे दादर. तो एक दिवस मुंबईत काढायचा आणि दुसऱ्या दिवशी झोप झालेली माणसं बोटीवर चढवायची. खंबाटकीत ट्रक आडवा पडला किंवा गाडी पुण्याजवळ अडकून बसली, तर बोट कुणासाठी थांबत नाही. हॉटेलचे पैसे वाया जातात असं भावजी दर वेळी म्हणतात. म्हणोत.

भावजी, म्हणजे वन्संचे यजमान, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. त्यामुळं आमच्यात एक माणूस कायम वेळेच्या अर्धा तास आधी हजर असतो. पहिल्या दिवशी त्याचा उपयोगच होतो. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि त्या खोलीच्या दारापर्यंत यायला बऱ्याचदा संध्याकाळ उजाडते. म्हणून हातातल्या पिशवीत औषधं, चार्जर, मुलांचे पोहायचे कपडे आणि म्हाताऱ्या माणसांची शाल ठेवायची. पोरं तासाभरात पाण्यात असतात आणि बाकीच्या घरांतली पोरं काठावर उभी राहून बॅगांची वाट बघत असतात. दुपारी चढल्या चढल्या सगळी बोट बुफेवर तुटून पडते. खाली टेबलावर आणून वाढणारं जेवणघर उघडं असलं, तर तिथं पाच मिनिटांत बसायला मिळतं.

खोली कुठली घ्यावी यावर आमच्याकडं फार वाद झाले. आता माझं मत पक्कं आहे. ज्याला बोट लागते त्यानं मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्यावी. बोट पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त वरखाली होते, उंच मजल्यावर जास्त डोलते. मध्यावर त्या मानानं शांत. दुसरं म्हणजे आपल्या खोलीच्या वर काय आणि खाली काय, ते आरक्षण करतानाच नकाशात बघायचं. वर पोहण्याचा तलाव असला की पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज, आणि खाली नाचघर असलं की मध्यरात्रीपर्यंत धडाम धडाम. वर-खाली दोन्हीकडं झोपायच्या खोल्याच असल्या की उत्तम. म्हाताऱ्यांसाठी लिफ्ट जवळ हवी, पण दाराला लागून नको.

बिनखिडकीच्या खोलीला आमच्याकडं नावं ठेवतात. माझ्या पुतण्यांना मात्र तीच लागते, कारण दिवा बंद केला की दिवस की रात्र ते कळत नाही आणि पोरं नऊपर्यंत झोपतात. न्हाणीघरात एक छोटा दिवा लावून ठेवला की झालं. बोटीच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यावर चुंबकाचे हूक छान बसतात. आम्ही बेळगावच्या बाजारातनं मूठभर घेऊन जातो. टोप्या, ओले टॉवेल, खोलीची कार्डं सगळं त्यांवर. सासूबाईंचा विठोबाचा छोटा फोटोही हूकवरच होता. निरांजन आणि उदबत्ती घरीच राहिली, कारण पेटतं काहीही बोटीवर चालत नाही. इस्त्री, पाणी तापवायची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड हेही नको. समुद्रात आगीइतकी भीती कशाचीच नसते, हे त्यामागचं कारण. सासूबाईंना हे एकदा सांगितल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

घरचं शिजवलेलं खाणंही बहुतेक बोटींवर आत नेऊ देत नाहीत. सीलबंद डबा चालतो का ते विचारून घ्यायचं. आमचा बेळगावी खव्याचा कुंदा त्या जोरावर गेला आणि दुसऱ्या दिवशी संपलाही. एकादशी, सोमवार, कांदा-लसूण नको, असं काही असेल तर ते जेवणाच्या टेबलावर नव्हे, आरक्षणाच्या वेळीच कळवायचं. मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर जैन जेवण मिळतं, त्यामुळं आचाऱ्यांना ह्यात नवल वाटत नाही. फक्त आधी कळायला हवं.

सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं. आंबोली घाटाचा रस्ता होता म्हणून बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ला, अशी एके काळची रीत. मुंबई–गोवा आगबोटी 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' त्यांनी पाहिलेल्या, डेकवर सतरंजी टाकून प्रवास केलेला. त्यामुळं घरातली एकमेव मुरलेली बोटप्रवासी म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या त्याच. पहिल्या रात्री बोट जरा हलायला लागली तशी वन्सं ओरडल्या, "काय गे, खोली हलालीय की!" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बोट आहे ती. हलणारच." आणि आलेपाकाची वडी पुढं केली.

बोट लागण्यावर गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची असते. डॉक्टरांना विचारून निघतानाच पाकिटं घ्यावीत. रिकाम्या पोटी राहू नये, तडस लागेपर्यंत खाऊही नये. त्रास व्हायला लागला तर खोलीत डोळे मिटून पडण्यापेक्षा मधल्या उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडं बघत उभं राहावं. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन बाजूंना पंखासारखी पाती असतात, त्यांनी डोलणं बरंच कमी होतं. पण पावसाळ्यातला आपला समुद्र त्या पात्यांना जुमानत नाही. आमचे कोळी बांधव नारळी पौर्णिमेआधी होड्या घालत नाहीत ते उगीच नव्हे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

पहिल्याच दिवशी सुरक्षेची कवायत होते. सात छोटे भोंगे, एक लांब, आणि सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जायचं. लोक कंटाळा करतात, मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहतात. सासूबाईंनी आपण होऊन रामदास बोटीची गोष्ट सांगितली. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरनं रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांच्या लहानपणी वेंगुर्ल्यात बोटीवर चढताना कुणीतरी हटकून ते नाव काढायचंच. अलीकडची गोष्ट म्हणजे इटलीच्या किनाऱ्यावरची कोस्टा कॉन्कॉर्डिया. 13 जानेवारी 2012 ला ती खडकावर आपटली आणि 32 जीव गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि 2015 पासून ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावी लागते. भावजींनी पोरांना जिन्यानं दोनदा वर-खाली करून रस्ता पाठ करून घेतला. तेवढं मी त्यांना करू दिलं.

आता वन्संचा सवाल. पहिले दोन दिवस त्यांनी सगळ्यांना एकत्र धरून ठेवायचा प्रयत्न केला. नाश्त्याला सगळे, जादूच्या खेळाला सगळे, डेकवर चालायला सगळे. मुलं कंटाळली, सासूबाई थकल्या, आणि खुद्द वन्संना एक क्षण बसायला मिळालं नाही. रोज संध्याकाळी खोलीत दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रमाचा कागद येतो. त्यावर तासाला चार गोष्टी असतात आणि पैसे भरलेत म्हणून सगळ्या बघायच्या, असं आपल्या मनात येतं. मी त्या कागदावर प्रत्येकाला एकच खूण करायला सांगते. एकच. बाकीचा दिवस मोकळा.

तिसऱ्या दिवशी वन्संनी खूण केली ती कशावरच नाही. पाचव्या मजल्यावर खिडकीशी एक खुर्ची धरून त्या दुपारभर बसल्या आणि त्यांना कुणी हाक मारली नाही. बस स्टँडवर माणूस हरवतं, जत्रेत हरवतं. बोटीवर कुठं हरवणार? खोली सोडून कुठंही गेलं तरी माणूस बोटीवरच असतं. फोनला रेंज नसते, म्हणून दाराला चुंबकानं एक चिठ्ठी अडकवायची, "तलावापाशी" किंवा "खालच्या हॉटेलात". एवढं पुरतं. रात्री आठला टेबलाभोवती आलो तेव्हा प्रत्येकाकडं सांगायला काहीतरी वेगळं होतं. दिवसभर एकत्र राहून आलेल्या घरात जेवताना कोण काय सांगणार?

ह्यात दोन अपवाद आणि ते पक्के: तलाव आणि बाल्कनी. बऱ्याच बोटींवर तलावापाशी जीवरक्षक नसतो. दोन्हीकडं लहान पोरांबरोबर घरातलं एक मोठं माणूस पाहिजेच, आणि त्याच्या हातात मोबाइल नको.

फोनचं म्हणाल तर बोट किनारा सोडते तशी रेंज जाते आणि काही बोटींचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क फोन आपोआप पकडतो. शहापूरच्या आमच्या एका ओळखीच्यांना परदेशातल्या सहलीनंतर असं बिल आलं की त्यात बेळगाव–गोवा टॅक्सीनं अनेकदा झालं असतं. बोटीवर पाय ठेवताच फोन फ्लाइट मोडवर.

लक्षद्वीपमध्ये बोट थेट बेटाला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात थांबते आणि लहान होड्यांतून माणसं नेतात. मला काळजी सासूबाईंची होती. त्यांनी खलाशाचा हात धरला, होडी लाटेनं वर येईपर्यंत थांबल्या आणि अचूक पाऊल टाकलं. वेंगुर्ल्याला आगबोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि पडावातून उतरायला लागायचं, तो सराव त्यांच्या पायांत अजून होता. भावजींना मात्र दोन खलाशी लागले.

समुद्र खवळलेला असेल तर हे उतरणं रद्दही होतं. म्हणून एकाच बेटावर सगळा जीव टाकून येऊ नये. बेटावर जायला परवानगी लागते, त्याची कागदं आरक्षणाच्या वेळीच मागतात. आधार आणि फोटो हाताशी ठेवावेत.

शेवटच्या रात्री दोन कामं. खात्याचा हिशोब मागून घ्यायचा आणि ओळ न् ओळ बघायची. कार्ड दाखवून घेतलेला प्रत्येक ज्यूस, मुलांनी व्हिडिओ गेमवर उडवलेला प्रत्येक रुपया त्यात असतो, आणि सकाळी काउंटरवर रांग लागते. दुसरं म्हणजे मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळचे कपडे आधी बाजूला काढायला हवेत. आमच्या मोठ्या पुतण्यानं सगळं भरून बॅग बाहेर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी भावजींच्या लुंगीवर मुंबई बंदरात उतरला. परतीची दादर गाडी रात्रीची होती. त्याची पँट बॅलार्ड पिअरवर दुपारी मिळाली, तोवर त्यानं लुंगीतच वडापाव खाल्ला.