पुलापलीकडची शाळा आणि आमचं कर्ज

ग्योर्लिट्झ हे जर्मनीचं पूर्वेचं टोक. पूल ओलांडला की पोलंडमधलं झ्गोझेलेत्स. मुळात हे एकच गाव. १९४५ नंतर सरहद्द नायसे नदीतून गेली आणि गावाचे दोन तुकडे झाले. दोन्हीकडच्या मुलांनी मिळून एक नाटक करावं, एवढीच आमच्या छोट्या संस्थेची इच्छा. २०१७ साली युरोपीय संघाच्या ‘इंटररेग’मधून, म्हणजे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी मिळून केलेल्या कामांना निधी देणाऱ्या योजनेतून, पैसे मागायचं ठरलं आणि अर्ज माझ्या गळ्यात पडला. हिला एक्सेल येतं, म्हणून!

अर्ज जर्मन आणि पोलिश, दोन्ही भाषांत. भागीदारांपैकी एक ‘लीड पार्टनर’, म्हणजे सगळ्यांच्या हिशेबाचं ओझं वाहणारा. तो मान आमचा. ८५ टक्के खर्च संघ देणार हे मंजुरीपत्रात वाचून आम्ही केक कापला. कधी देणार, हे मी नंतर नीट वाचलं. आधी आपण खर्च करायचा, मग बिलं तपासणीला द्यायची, ती पास झाली की पैसे. आमच्या खात्यात तेवढी रक्कमच नव्हती. कर्ज काढलं. त्याचं व्याज प्रकल्पात धरता येत नाही, ते पदरचं.

मी मराठवाड्यातली. ‘अनुशेष’ हा शब्द ऐकतच वाढले. मागे पडलेल्या भागांना इथं पैसा खरंच पोचतो, हे मान्य. पण तो घ्यायला आधी स्वतःकडे पैसा लागतो, हे मला अजूनही पटलेलं नाही.

पोलिश शाळेचा खर्च झ्लोटीत, हिशेब युरोत, तोही युरोपीय आयोगाच्या त्या महिन्याच्या दरानं. मी बँकेचा दर लावला. अख्खा तक्ता परत. चहापाण्याच्या एका बिलावर प्रकल्पाचं नाव नव्हतं, तेही परत. आणि दारावरचं पोस्टर! त्यावर संघाचा निळा झेंडा हवा, निधीचा उल्लेख हवा, आकार किमान ए-३. आमचं होतं ए-४. तपासायला आलेल्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं वहीत लिहून घेतलं.

पहिला हप्ता आला तोवर नाटक होऊन मुलं पुढच्या वर्गात गेली होती. शाळेचा वाटा त्याच दिवशी पाठवला. संध्याकाळी तिथल्या मुख्याध्यापिकांचा फोन: “पुढचा अर्ज कधी करायचा?”

म्हटलं, “बाई, आधी बँकेत जाऊन येते.”