आमची वाटचाल : स्क्रू-ड्रायव्हर ते रिकव्हरी की

लहान कार्यालयं, दुकानं, दवाखाने यांचे संगणक चालू ठेवणं हा आमचा धंदा. नवं मशीन जोडून देणं, बिघडलेलं दुरुस्त करणं, वर्षभराची देखभाल घेणं हे पहिल्यापासून चालत आलेलं काम. टेबलावर येणारे बिघाड मात्र पार बदलले आणि ते आमच्या मर्जीनं बदलले नाहीत. कुणा कंपनीनं रॅम बोर्डालाच सोल्डर करायचं (डाग देऊन पक्की जोडायचं) ठरवलं, कुणी सॉफ्टवेअर विकायचं थांबवून भाड्यानं द्यायला सुरुवात केली, कुठे कारखान्यात पुराचं पाणी शिरलं, की काही महिन्यांत त्याचा परिणाम आमच्या कामावर दिसतोच. या बदलांच्या ओघानंच पुढचं लिहिलं आहे. ज्याच्याकडे संगणक आहे, त्याला यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

सुरुवात असेंबल्ड डेस्कटॉपची. कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी), मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क सगळं सुटं आणि सगळं बदलता येणारं. हार्डडिस्क चाळीस पिनांच्या आयडीई या जुन्या रुंद केबलवर, मागे मास्टर-स्लेव्हचा जंपर, म्हणजे कोणती डिस्क पहिली आणि कोणती दुसरी ते ठरवणारी पिन. एका केबलवरच्या दोन्ही डिस्क मास्टर ठेवल्या, की एकही धड दिसायची नाही. साटा ही नवी जोडणी आली आणि ती भानगड मिटली.

"मशीन चालूच होत नाही" ही तक्रार तेव्हाही सर्वात जास्त यायची, आजही येते. डेस्कटॉप असेल तर पहिली तपासणी एसएमपीएसची. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला जोडली, की एसएमपीएस बोर्डाशिवाय सुरू होतो. पंखा फिरला म्हणजे तो ठीक आहे असं समजून बरेच जण पुढे जातात. पण पंखा कमी व्होल्टेजवरही फिरतो. मल्टिमीटर लावून पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५ आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट मिळतात का ते पाहायचं. ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६. हे मोजमाप बोर्ड जोडून, लोड असताना पुन्हा घ्यायचं, कारण थकलेला एसएमपीएस मोकळा असताना बरोबर आकडे दाखवतो आणि लोड आला की बसतो. त्यानंतर रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क साफ करायचे, एकेक स्टिक वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहायची. तरीही काही नाही, तर बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम एवढंच ठेवून बाकी सगळं काढायचं. बिघाड शोधायची ही पद्धत अजून बदललेली नाही.

२००० नंतरची काही वर्षं फुगलेल्या कपॅसिटरची (वीज क्षणभर साठवणाऱ्या भागाची) होती. सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसले होते. प्रोसेसरच्या आसपासचे नळकांडी कपॅसिटर वरून फुगायचे, काहींच्या टोकाला तपकिरी खपली धरायची, आणि मशीन वापरात असतानाच आपोआप रीस्टार्ट व्हायचं. बोर्ड टाकून द्यायची गरज नसायची. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तितकंच किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) जातीचा हवा. साधा बसवला तरी मशीन चालू होतं. पण प्रोसेसरच्या पुरवठ्यातल्या रिपल करंटनं (सतत वरखाली होणाऱ्या प्रवाहानं) तो आतून तापतो आणि लवकरच फुगतो. पट्ट्याची बाजू ऋण, ती उलटी झाली तर कपॅसिटर फुटतो. बोर्डातले तांब्याचे थर उष्णता शोषून घेतात, त्यामुळे कमी वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं सोल्डर पूर्ण वितळत नाही. अशा वेळी पाय ओढला तर भोकातलं तांब्याचं अस्तरच बाहेर येतं आणि दुरुस्त होणारा बोर्ड कायमचा जातो.

१ जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आले. उत्पादक काही एका बाजारासाठी वेगळा माल बनवत नाहीत, त्यामुळे बिनशिशाचं सोल्डर सगळीकडेच आलं. जुनं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, नव्याला २१७ च्या पुढे जावं लागतं. आयर्न, हॉट एअर, फ्लक्स सगळंच बदलावं लागलं. आरोग्याच्या दृष्टीनं तो निर्णय योग्यच होता. पण याच काळात लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिप नुसत्या गरम करून "दुरुस्त" करायचा प्रकार बाजारात बोकाळला. मशीन चालू होतं खरं. बहुतेकदा दोष चिपच्या आतल्या जोडांतच असल्यानं ते पुन्हा बंद पडतं. आम्ही ते काम घेत नाही. चिप बदलायची, नाहीतर बोर्ड बदलायचा.

सर्वात स्वस्त आणि सर्वात फसवा बिघाड सीआर-२०३२ या नाण्याएवढ्या सेलचा. तो नवा असताना ३ व्होल्ट देतो. त्याचं व्होल्टेज उतरलं, की वीज गेल्यावर मशीनची तारीख मागे जाते. ग्राहक सांगतो, "इंटरनेट चालत नाही." खरं तर इंटरनेट चालू असतं, पण तारीख चुकीची असल्यानं ब्राउझर वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतो. त्याहून वाईट म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी भलत्याच तारखेला पडतात आणि ते महिनाअखेरीस उघडकीला येतं. इंटरनेटची तक्रार आली, की आम्ही राउटरच्या आधी घड्याळ बघतो.

२०११ मध्ये थायलंडला पूर आला, हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि कित्येक महिने डिस्क मिळेनात, मिळाल्या तर महाग. जुन्याच डिस्क जपून वापरायची वेळ आली आणि आमच्या कामाचा भर डिस्कच्या तब्येतीकडे आणि तिच्यातल्या डेटाकडे वळला.

हार्डडिस्क सहसा पूर्वसूचना देते. तिच्या स्मार्ट नोंदींतले (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींतले) तीन आकडे पाहायचे. ५ क्रमांकाच्या नोंदीत बदली केलेले सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे), १९७ मध्ये वाचायला अडखळणारे, १९८ मध्ये वाचताच न आलेले. ५ चा आकडा थोडासा असून स्थिर असेल तर लक्ष ठेवून काही काळ काढता येतो. १९७ चा आकडा वाढत असेल तर त्याच दिवशी डेटा काढून घ्यायचा. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे डिस्क अडखळतेय म्हणून विंडोजची चेकडिस्क चालवणं. चेकडिस्क फाइलव्यवस्था नीट करायला त्याच डिस्कवर लिहिते. मरत्या डिस्कवर लिहायचं नसतं. आधी तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर सेक्टरनिहाय प्रत काढायची. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आहे. पहिल्या फेरीत ते खराब भाग ओलांडून सहज वाचता येणारं सगळं उचलतं आणि काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये नोंदवतं. पुढच्या फेऱ्यांत फक्त राहिलेल्या भागावर जोर लावायचा. फाइली शोधायच्या त्या प्रतीत, मूळ डिस्क बाजूला. डिस्क टकटक आवाज करत असेल तर यातलं काहीच करायचं नाही. वीज बंद करून ती क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवायची. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. त्यानं डिस्कच्या आतल्या तबकड्यांवर दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते.

एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) आल्यावर मशीन सुसाट झाली. जुन्या लॅपटॉपसाठी याच्याइतकी गुणकारी सुधारणा दुसरी नाही. पण एसएसडीचा कंट्रोलर (तिला चालवणारी चिप) गेला की कसलाही आवाज न करता ती दिसेनाशीच होते. डिलीट केलेली फाइल परत मिळणंही जवळपास संपलं. ट्रिम आदेशामुळे एसएसडीला कोणती जागा मोकळी झाली ते कळतं आणि ती तिथला मजकूर पुसून टाकते. "डिलीट झालंय, तेवढं काढून द्या" या कामाला आता बहुतेकदा नाही म्हणावं लागतं.

म्हणून बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक जागेबाहेर, हे सूत्र जुनंच आहे. लोक अडतात ते क्लाउडच्या सिंकवर, म्हणजे इथल्या आणि तिथल्या फाइली आपोआप सारख्या ठेवण्यावर. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, इथे रॅन्समवेअरनं (खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) कुलूप लावलं की कुलूपबंद फाइल इमानेइतबारे वर जाते. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं जगभर मशीन बंद पाडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा त्यावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच निघालेला होता. अपडेट पुढे ढकलत राहिलेले त्यात सापडले. बॅकअपची डिस्क सतत जोडलेली ठेवू नका, कारण रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतं. आणि ठरावीक काळानं दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. नुसता हिरवा टिकमार्क पाहून निर्धास्त राहिलेल्यांच्या बॅकअपमध्ये हिशेबाचा फोल्डरच नसतो, कारण तो सी ड्राइव्हवर भलत्याच जागी असतो.

लॅपटॉप पातळ होत गेले तसा आमचा स्क्रू-ड्रायव्हर कमी फिरू लागला. रॅम सोल्डर केलेली, बॅटरी डिंकानं चिकटवलेली. अशा मशीनमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच गरजेपेक्षा जास्त घ्या, हा सल्ला आम्ही आग्रहानं देतो. सतत चार्जरला लावून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी फुगते. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टवर पूर्ण भरलेला राहिला आणि वर उष्णता मिळाली, की आत वायू धरतो. टचपॅड वर उचललं जाणं, क्लिक जड होणं, टेबलावर लॅपटॉप डुगडुगणं या खुणा दिसल्या की चार्जिंग तिथेच थांबवायचं. दाबून बसवायचा प्रयत्न नको. काढताना धातूचं हत्यार वापरायचं नाही. डिंकाखाली आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू उचलायची, आणि भोक न पाडता थेट ई-कचरा संकलनात द्यायची. बहुतेक लॅपटॉपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. दिवसभर टेबलावरच काम असेल तर ती चालू करा.

अलीकडची सर्वात अवघड कामं पेटी उघडून होतच नाहीत. ॲडोबीनं २०१३ मध्ये क्रिएटिव्ह सूट थांबवून वर्गणी पद्धत आणली, मग हळूहळू सगळेच तिकडे वळले. आज एका लहान कार्यालयाचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव), ईमेल, हिशेब आणि फोटो चार वेगवेगळ्या खात्यांत असतात. ती खाती असतात कुणाच्या नावावर? डोमेन कधीतरी वेबसाइट बनवणाऱ्याच्या ईमेलवर घेतलेलं, वर्गणी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर, ओटीपी भलत्याच फोनवर. डोमेनची मुदत संपल्याची सूचना कुणी उघडतच नसलेल्या इनबॉक्समध्ये जाते आणि एका सकाळी अख्ख्या कार्यालयाचं ईमेल बंद. यंत्र ठणठणीत, धंदा ठप्प. देखभालीच्या करारात आता आम्ही पहिल्यांदा खात्यांची वही करून घेतो. कोणती सेवा, कुठल्या ईमेलवर, मुदत कधी, दुसरा ॲडमिन कोण. ईमेल संस्थेच्या नावाचा हवा, ॲडमिन दोन हवेत, आणि दुपदरी पडताळणीचे (पासवर्डनंतर ओटीपी मागण्याचे) रिकव्हरी कोड कागदावर छापून कपाटात हवेत. फोन हरवला तर हाच कागद कामी येतो.

यातलीच सर्वात कठोर गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची. अनेक नव्या विंडोज मशीनमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केलं, की डिस्क एन्क्रिप्ट होते (किल्लीशिवाय वाचता येत नाही) आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मशीन चोरीला गेलं तर हे वरदान आहे. पण मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट झालं, की पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही डेटा गेला. कुठलीही प्रयोगशाळा तो काढू शकत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण एन्क्रिप्ट केलेल्या मशीनला त्याआधी की द्यावी लागत होती, आणि हजारो मशीनपुढे एकेक करून बसावं लागलं.

सध्या टेबलावर गर्दी आहे ती विंडोज १० च्या मशीनची. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार (सपोर्ट) संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट मशीन कागदावर बाद ठरतात. भंगारात काढायच्या आधी बायोसमध्ये बघा. बरेचदा टीपीएम असतं, फक्त बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावानं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावानं दिसतं. डिस्कचे भाग जुन्या एमबीआर पद्धतीनं नोंदलेले असतील तर बॅकअप घेऊन आधी ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलायची, मग बायोस लेगसी या जुन्या रीतीवरून यूईएफआय या नव्या रीतीवर न्यायचं. क्रम उलटा झाला तर विंडोज सुरूच होत नाही. प्रोसेसरच बसत नसेल आणि काम फक्त ब्राउझरचं असेल, तर आम्ही लिनक्स घालून देतो. एखाद्या यंत्राला जोडलेला संगणक असेल तर त्याला इंटरनेटपासून तोडून तसाच चालवायचा. नवं घेणं हा शेवटचा पर्याय, त्यात २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅम महागली आहे, कारण मेमरीचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांसाठी माल काढण्यात गुंतले आहेत.

थोडं समाधानही आहे. फ्रान्सनं २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्ती निर्देशांक (दुरुस्ती किती सोपी याचे गुण) छापणं बंधनकारक केलं. जून २०२५ पासून युरोपीय संघात स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षं पुरवावे लागतात. २००६ मध्ये सोल्डर जसं सगळीकडे बदललं, तशीच ही सवयही पसरावी अशी आमची मनापासून इच्छा आहे.

मशीन आमच्याकडे किंवा कुणाकडेही दुरुस्तीला देण्याआधी एवढं करा. मशीन चालू होत असेल तर बॅकअप घ्या. रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहून कागदावर लिहा आणि तो कागद स्वतःकडे ठेवा, मशीनच्या बॅगेत नको. मूळ चार्जर सोबत द्या, कारण निम्म्या वेळा बिघाड चार्जरच्या पिनेत निघतो. पासवर्ड सांगण्याऐवजी दुरुस्तीसाठी वेगळं तात्पुरतं खातं बनवून द्या. तक्रार लिहिताना "चालत नाही" एवढंच न लिहिता काय करताना, किती वेळानं आणि पडद्यावर कोणता मजकूर येऊन बंद पडतं, ते लिहा. जमल्यास त्या पडद्याचा फोटो जोडा.