बारा बोअर, मधली भिंत आणि नववा छर्रा

माझ्या कपाटावर ब्राऊन पेपरची एक जाडजूड गुंडाळी पडलेली असते, बायकोला ती रद्दीत टाकायचीये आणि मी टाकू देत नाही. उलगडली की आत नुसती भोकं. रेंजवर शॉटगनचे बार मारून बघितलेले साताठ मोठे कागद, प्रत्येकाच्या कोपऱ्यात स्केचपेनने अंतर, काडतुसाचं नाव, तारीख. ओळखीत कुणी घरात शॉटगन ठेवायला लागलं आणि "काडतुसं कुठली घेऊ रे" असं विचारलं की मी नाव सांगत नाही, ही गुंडाळी जमिनीवर पसरतो. (लायसन्स, कायदा, कधी बार उडवणं कायदेशीर धरलं जातं, हे जिथं राहता तिथलं आधी नीट वाचा, ते मी इथे सांगत बसत नाही.)

मी स्वतः सुरुवात चुकीच्या टोकाने केली होती. आठवडाभर नुसती डब्यांवरची वर्णनं वाचली, मॅग्नम, टॅक्टिकल, डिफेन्स, काय काय. मग रेंजवरच्या सरांना विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुमच्या घरात सगळ्यात लांबचं अंतर किती?" मला सांगताच येईना. "मग आधी टेप लावा, काडतुसाचं नंतर बघू." घरी येऊन मोजलं, बेडरूमच्या दारापासून मेन दारापर्यंत ७ मीटर आणि वर थोडंसं. म्हणजे माझा सगळा प्रश्न ७ मीटरचा होता आणि मी ४० मीटरची वर्णनं वाचत बसलो होतो.

आता या ७ मीटरवरचा माझा कागद बघा. डबल-ऑट बकशॉट (बकशॉट म्हणजे जाडे छर्रे, डबल-ऑट हे त्यातलं एक माप), ८.४ मिलिमीटरचे ९ छर्रे, आणि ती सगळी भोकं माझ्या पसरलेल्या पंजाखाली झाकली जातात. शॉटगन म्हणजे नुसती तोंड करून उडवायची, समोरचं सगळं झोडपून निघतं, हे जे डोक्यात बसलेलं असतं ना ते या एका कागदाने जातं. खोलीतल्या अंतरावर छर्रे पसरतच नाहीत म्हणावं इतके कमी पसरतात, नेम धरावाच लागतो, आणि नेम चुकला की नऊच्या नऊ छर्रे एकगठ्ठा मागच्या भिंतीकडे जातात. म्हणून मला वाटतं काडतूस निवडताना पहिल्यांदा भिंत बघायची, चोर नंतर.

भिंतीवरून नेहमी एक सल्ला मिळतो, तोही अगदी छातीठोकपणे: बारीक छर्रे घ्या, बर्डशॉट, म्हणजे भिंतीपलीकडे कुणाला लागणार नाही. ऐकायला बरं वाटतं. पण बघा, साडेसात नंबरचा छर्रा २.४ मिलिमीटरचा, २८ ग्रॅममध्ये असे साधारण ३५० मावतात, म्हणजे एकेकाचं वजन काहीच नाही. बॅलिस्टिक जेलमध्ये, म्हणजे मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या जेलीत, हे छर्रे साधारण १२ ते १५ सेंटीमीटर जाऊन थांबतात. अमेरिकेच्या एफबीआयने १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर जे माप ठरवलं ते कमीत कमी १२ इंच म्हणजे ३० सेंटीमीटरचं, कारण अंगावर जाड जॅकेट असू शकतं, मध्ये हात असू शकतो आणि तरीही गोळी आतपर्यंत पोचली पाहिजे. बर्डशॉट त्याच्या निम्म्यावरच दम टाकतो. जखम दिसायला भयानक, पण वरवरची, आणि समोरचा माणूस थांबेलच असं नाही.

बरं, भिंत तरी वाचते का? आम्ही रेंजवर जिप्सम बोर्डचे दोन तुकडे मधे चार बोटं जागा सोडून उभे केले, घरातल्या पार्टिशनसारखे, आणि ३ मीटरवरून साधा बर्डशॉट मारला. दोन्ही बोर्ड आरपार, मागच्याला मूठ जाईल एवढं भगदाड. एवढ्या जवळून ते ३५० छर्रे सुटे नसतातच, एक गोळाच असतो. मग बकशॉट मारला, तर तो त्या बोर्डांमध्ये थबकलासुद्धा नाही. विटांच्या पक्क्या भिंतीचं गणित वेगळं आहे पण विटांच्या भिंतीलाही दार असतं, खिडकी असते. थोडक्यात, जे काडतूस माणसाला थांबवतं ते पार्टिशनही फोडतं, यातून सुटका नाही. मी काडतूस बदलून हा प्रश्न सोडवायचं सोडून दिलं आणि उभं कुठे राहायचं ते ठरवलं, म्हणजे माझ्या नळीच्या रेषेत मुलीची खोली येणार नाही. येतच असेल तर त्या जागेवरून बार नाही, विषय संपला.

तर मग बकशॉटच. पण कुठला? इथे नंबरांचा उलटा कारभार आहे, नंबर वाढला की छर्रा लहान होतो. डबल-ऑट ८.४ मिमी, जुन्या इंग्लिश पद्धतीत साधारण याच मापाला एसजी म्हणतात, एलजी त्याहून मोठा. नंबर वन बक ७.६ मिमी, पावणेतीन इंची काडतुसात बहुतेक १६. नंबर फोर बक ६.१ मिमी, असे २७. जखमांचा अभ्यास करणारे अमेरिकन लष्करी डॉक्टर मार्टिन फॅकलर आणि त्यांच्या बरोबरचे लोक नंबर वनच्या बाजूचे होते, कारण तो पुरेसा खोलही जातो आणि एका काडतुसात छर्रेही जास्त बसतात. कागदावर हे पटतं मला. पण नंबर वन सगळीकडे मिळत नाही आणि डबल-ऑटमध्ये जितके प्रकार निघालेत तितके त्याच्यात नाहीत, म्हणून माझी गाडी परत डबल-ऑटवर आली. नंबर फोरची खोली काही काडतुसांत अगदी काठावर येते त्यामुळे तो मी सोडला. स्लग, म्हणजे २८ ग्रॅमची एकच गोळी, घराच्या आत नकोच, ती भिंतींना विचारतही नाही.

आता तो कागद, ज्याच्यामुळे मी गुंडाळी टाकत नाही. अंतर १५ मीटर, साधं ९ छर्ऱ्यांचं डबल-ऑट. आठ भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत आणि नववं? वीतभर बाजूला, एकटंच. मी लाल पेनने गोल केलाय त्याला. मला वाटलं माझाच हात हलला, परत मारला, परत एक भटका. सर म्हणाले, "अहो, हात हलला तर सगळे हलतील, एकटा कसा हलेल?" मुद्दा बरोबर होता. छर्रे शिशाचे, मऊ, बार उडताना एकमेकांवर दाबले जाऊन चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. ९ छर्ऱ्यांत तीन-तीनचे थर लागतात, ८ छर्ऱ्यांचं काडतूस मारलं की हा भटक्या बऱ्याचदा गायबच होतो, लोकांनी पुष्कळ बंदुकींवर हे बघितलंय. एक छर्रा कमी घेऊन मी एक बेवारस छर्रा वाचवतो, मला हा सौदा एकदम मान्य आहे. जो छर्रा सुटला तो माझाच, तो कुठेही जाऊन बसो.

दुसरी गोष्ट वॅड, म्हणजे छर्ऱ्यांखालची प्लास्टिकची वाटी. साध्या काडतुसात ती नळीबाहेर आली की पुढून उमलते आणि छर्रे सुटे होतात. फेडरलच्या फ्लाइटकंट्रोलमध्ये ती मागच्या बाजूने ब्रेक लावते, त्यामुळे छर्रे जास्त वेळ एकत्र राहतात. त्याचा ७ मीटरवरचा कागद बघितला तर एकच फाटकं भोक वाटतं. मात्र हे सगळं माझ्या नळीचं, माझ्या चोकचं (नळीच्या तोंडाशी असलेलं अरुंदपण). शेजारच्या लेनवाल्याने तोच डबा त्याच्या बंदुकीतून मारला आणि त्याचा कागद माझ्यासारखा नव्हता. म्हणून कुणाच्याही कागदावर विश्वास ठेवू नका, माझ्याही.

धक्क्याबद्दल लोक बोलत नाहीत कारण बोललं की कमीपणा वाटतो. फुल पॉवर डबल-ऑट सेकंदाला साधारण ४०० मीटरने सुटतं, लो-रिकॉइल ३५० च्या आसपास, आणि एवढ्या अंतरावर समोरच्याला त्यातला फरक कळणार नाही पण खांद्याला नक्की कळतो. बायकोने फुल पॉवरचे तीन बार काढले आणि चौथ्याला पंप (नळीखालची काडतूस बदलायची सरकती मूठ) अर्धाच मागे ओढला, रिकामं काडतूस आतच अडकलं. लो-रिकॉइलवर असं झालं नाही. रात्री कुणाच्या हातात येईल सांगता येत नाही तर जे दोघांनाही झेपतं तेच घरात. फक्त बंदूक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस स्वतःच भरणारी, असेल तर आधी दोन-तीन डबे मारून बघा, काही बंदुकी हलक्या काडतुसावर नीट चालत नाहीत. आणि तीन इंची मॅग्नम पावणेतीन इंची चेंबरच्या (नळीतली काडतूस बसायची जागा) बंदुकीत घालायचंच नाही, गंमत म्हणजे ते आत जातंही, कारण काडतुसाची लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या टोकापर्यंत धरतात.

अजून एक, माझी बंदूक बारा बोअरची, आणि बोअरचा आकडा वाढला की नळी अरुंद होते; घरात वीस बोअरची दुसरी बंदूक असेल तर तिची काडतुसं वेगळ्या खोलीत ठेवा. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीतच अडकतं, तुम्हाला चेंबर रिकामं दिसतं, मागून बाराचं भरलं आणि चाप ओढला की नळी फाटते, हातासकट. म्हणूनच वीसच्या काडतुसांना पिवळा रंग ठरलेला आहे. अंधारात पिवळा काय आणि लाल काय.

सध्या लॉकरमध्ये ८ छर्ऱ्यांचं लो-रिकॉइल डबल-ऑट आहे. बंदुकीच्या नळीखालच्या ट्यूबमध्ये महिनोन्महिने ठेवलेल्या काडतुसांचं प्लास्टिक स्प्रिंगच्या दाबाने फुगतं, एकदा पाचातलं एक चेंबरमध्ये शिरेचना, तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी जुनी मारून टाकतो आणि नवी भरतो. गेल्या आठवड्यात आणलेल्या डब्यांवर लॉट नंबर वेगळा आहे, म्हणजे रविवारी ब्राऊन पेपर आणि स्केचपेन घेऊन परत रेंजवर.