लेव्हल ६ म्हणजे ६ टक्के नव्हेच! (कॅलरींचा हिशोब, अपडेट ७)

सापडलं एकदाचं! ट्रेडमिलवर चालून खरंच किती कॅलरी जळतात, हा तीन आठवडे डोकं खाणारा घोळ काल रात्री साडेदहाला हॉलमधे फरशीवर पालथं पडून सापडला. त्यानंतर झोप कसली लागतेय, म्हणून सकाळी पोहे व्हायच्या आधीच लिहायला बसलोय.

मागच्या वेळी कुठे अडकलो होतो ते आठवत असेलच. वजन ७८ किलो, स्पीड ताशी ५.५ किलोमीटर, इनक्लाइन (म्हणजे चढ) ६, ४० मिनिटं. मशीन म्हणतंय ४०२ कॅलरी, हातातलं स्मार्ट घड्याळ म्हणतंय ३०५, आणि एसीएसएमचा (अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन) चालण्याचा फॉर्म्युला लावला की ३५२. तीन आकडे, तिघांची तोंडं तीन दिशांना. मशीनचा आकडा मी आधीच बाद केलाय, कारण आपलं कन्सोल वजन विचारतच नाही. ५२ किलोच्या भाच्याला त्याच सेटिंगवर चालवलं तर त्यालाही ४०२च दाखवले, आणि खरं तर त्याचे माझ्या दोन-तृतीयांशच व्हायला हवेत. पण फॉर्म्युला आणि घड्याळ यांच्यातला फरक काही केल्या सुटत नव्हता.

फॉर्म्युल्यात काही लपवाछपवी नाहीये. स्पीड मीटर प्रति मिनिटमधे घ्यायचा, त्याला ०.१ ने गुणायचं, मग त्यात स्पीड गुणिले चढ गुणिले १.८ मिळवायचं, आणि वर बसल्याबसल्या लागणारे ३.५. हा झाला दर किलोला दर मिनिटाला लागणारा ऑक्सिजन, मिलिलिटरमधे. पुढे वजनाने गुणून लिटर करायचे आणि एका लिटरला साधारण ५ कॅलरी धरायच्या. आता माझे आकडे टाकून बघा, सपाट चालण्याचे येतात ९.२ आणि एकट्या चढाचे ९.९! म्हणजे ते ३.५ सोडले तर अर्ध्याहून जास्त खेळ चढाचा, आणि तो चढ मी कधी मोजलाच नव्हता, कन्सोलवर ६ दिसतंय म्हणून ०.०६ धरून बसलो होतो.

काल मोजला. आधी मोबाइलच्या अँगलवाल्या अ‍ॅपने बघितलं, पण ते एकदा २ अंश सांगतं आणि पुन्हा ठेवलं की अडीच. अर्धा अंश म्हणजे जवळजवळ ०.९ टक्के चढ, त्यामुळे या कामाला ती अ‍ॅप्स माझ्या मते निरुपयोगी आहेत. मग इंदूरच्या सियागंज बाजारातून मागे आणलेली पाणसळ (स्पिरिट लेव्हल) काढली. एक मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बेल्टवर लांबीला ठेवली, तिच्यावर पाणसळ, आणि मागचं टोक हळूहळू उचलत गेलो. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे येऊन थांबला तेव्हा भाच्याने टॉर्च धरून पट्टीखालची फट स्टीलच्या स्केलने मोजली. ३.४ सेंटिमीटर. मीटरला ३.४ म्हणजे ३.४ टक्के! तीनदा मोजलं, तेवढंच. मग सगळ्याच लेव्हल धरल्या: ० वर ०.४ (आमच्या हॉलची फरशी बाल्कनीकडे उतरती आहे, तो उतार यात आलाय), ३ वर १.९, १० वर ५.३. म्हणजे एक लेव्हल = अर्धा टक्का. मॅन्युअलमधे कुठेही टक्के लिहिलेलं नाही, नुसतं ‘लेव्हल’ लिहिलंय, ते मीच टक्के म्हणून वाचत होतो.

स्पीडचंही बघून घेतलं. बेल्टच्या कडेला व्हाइटनरची खूण, बेल्टची पूर्ण लांबी २८४ सेंटिमीटर, ५० फेरे मोजायचे. रिकामा बेल्ट ९३ सेकंद, म्हणजे चोख ५.५. मी वर चालतोय तेव्हा ९८ सेकंद, म्हणजे ५.२! सेन्सर पुढच्या रोलरच्या फेऱ्या मोजतो, आणि पाऊल पडलं की बेल्ट रोलरवर जरासा घसरतो, ते त्याला कळत नाही. भाच्याने स्लो मोशनमधे शूट केलंय, टाच टेकते त्या क्षणी खूण अडखळताना स्वच्छ दिसते, बघताना अंगावर काटा आला.

तर खरे आकडे टाकून: ८.७ अधिक ५.३ अधिक ३.५, ४० मिनिटांचे २७३. कुठे ४०२ आणि कुठे २७३!

आणि आपण नेट, म्हणजे निव्वळ चालण्याच्या कॅलरी धरायला हव्यात हे मी आता पक्कं ठरवलंय. ते ३.५ सोफ्यावर बसूनही जळणारच होते आणि दिवसाच्या हिशोबात ते आधीच धरलेत. ते वजा केले की उरतात २१९. आता माझी जुनी शीट बघा, १२ आठवडे, आठवड्याला ५ सेशन. मशीनच्या आकड्याने, एक किलो उतरायला ७७०० कॅलरी धरून, ३ किलोच्या वर उतरायला हवं होतं, २१९ ने येतात १.७, आणि काटा दाखवतोय १.६. वजनात पाण्याची वरखाली असते त्यामुळे याला पुरावा म्हणणार नाही, पण शीटचा तो रकाना बघून खूप बरं वाटलं.

मग बेल्टकडे वळलो. मागचे दोन्ही बोल्ट एलन कीने पाव-पाव फेरा आवळले, दोन्हीकडे सारखेच, नाहीतर बेल्ट एका बाजूला सरकतो. बेल्ट उचलून खाली सिलिकॉन ऑइल दिलं. एका दुकानदाराने शिलाई मशीनचं तेल चालतं म्हणून सांगितलं होतं, अजिबात घेऊ नका, सिलिकॉनच लागतं. आता वजनासकट ५० फेरे ९५ सेकंदांत. म्हणजे तेच सेशन आता २८० चं झालं, आणि जुन्या-नव्या नोंदी एका रांगेत ठेवता येणार नाहीत, शीटमधे रेघ मारून नवीन भाग सुरू करावा लागेल.

लिहितालिहिता डोक्यात आलं की चढ मोजला तो रिकाम्या डेकवर (बेल्टखालच्या फळीवर), मी उभा राहिल्यावर रबरी पाय दबत असतील. आत्ता उठून बघून आलो, भाच्याला झोपेतून उठवलं, ३.२ भरतंय. साधारण ५ कॅलरींचा फरक, शीटमधे ३.२च लिहितो.

घड्याळाबद्दल: परवा दुपारी पंखा बंद ठेवून तेच सेशन केलं तर त्याने ३३८ दाखवले. काम तेवढंच, पण उन्हाळ्यात घाम गेला की ठोके चढतात आणि ते ठोक्यांवरूनच कॅलरी काढतं. पुढचा अपडेट यावरच करणार होतो, ठोके मोजणारा छातीचा पट्टा मागवणार होतो, पण तो विचार आता मागे ठेवतोय. कारण बाबा काल म्हणाले, तू शेवटची दहा मिनिटं पुढचा दांडा धरून चालतोस. धरतो खरा, आणि दांडा धरून मागे झुकलं की चढाचं काम बरंचसं कमी होतं, फॉर्म्युला तर हात मोकळे धरूनच आहे. म्हणजे २७३ सुद्धा जास्तच असणार. उद्यापासून आठवडाभर स्पीड ५ वर आणतो, हात पूर्ण सुटे, आणि भाच्याला ५० फेरे पुन्हा मोजायला बसवतो.