अटल सेतूवर स्कूटरला बंदी आहे

गोव्यात भाड्याने स्कूटर देणारे बरंच काही सांगतात. हेल्मेट घाला, काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरं बघून पोलीस अडवत नाहीत, बीचवर वाळूत गाडी घालू नका. मात्र पणजीच्या तिसऱ्या मांडवी पुलावर, म्हणजे अटल सेतूवर, दुचाकी आणि तीनचाकी चालत नाहीत, हे कुणी सांगत नाही. ते आपल्याला पुलाच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवरून कळतं, आणि तेही मागच्या गाड्या हॉर्न मारत असताना.

मी एकटी असते तर खालच्या पुलावरून गपचूप निघून गेले असते. पण मागच्या सीटवर मामा होते. मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत आणि आयुष्यभर त्यांनी छोटे पूल, मोऱ्या आणि फरशीपूलच केले. त्यांना समुद्राचं काडीचं कौतुक नाही. आंबोलीमार्गे गोव्यात उतरल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं, "अगं, तो पूल कधी?" कळंगुटला दोन रात्री काढल्या, त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की खोलीचा एसी ट्रॅक्टरसारखा आवाज करायचा आणि नाश्त्याचे पोहे साखर घातलेले होते.

बंदी मला समजते. पूल उंच आहे, वारा असतो, गाड्या सुसाट येतात. पण पैसे सगळ्यांचे आणि वरची हवा फक्त चारचाकीवाल्यांची, हे काही मनाला पटत नाही. पर्वरीत उन्नत मार्गाचं काम चालू असल्यामुळे आम्ही आधीच तासभर धूळ खाल्ली होती, त्यामुळे तेव्हा माझं डोकं जरा जास्तच तापलं होतं. मामा शांत होते. म्हणाले, "चल खाली काठावर, बेतीला. फेरीबोटीतून बघू. पूल नेहमी खालून बघावा, वरून नुसता रस्ता दिसतो."

बेतीच्या धक्क्यावर फेरीबोट लागते तेव्हा तिचा लोखंडी पत्रा खणखणत काँक्रीटवर आदळतो आणि सगळ्या स्कूटरी एकदम सुरू होतात. तिकीट नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. आम्ही कडेला गाडी लावून कठड्याशी उभे राहिलो. समोर कॅसिनोंच्या बोटी, दिवसाउजेडी अगदीच कळकट दिसणाऱ्या, आणि त्यांच्यापलीकडे नदीवर तीन पूल. दोन खालचे, सपाट, साधे, आणि त्या दोघांच्या मधून वर गेलेला तिसरा. त्याच्या खांबांपासून दोन्ही बाजूंना तारा पसरलेल्या. तारांची एकच रांग, रस्त्याच्या मधोमध. मामा पहिल्यांदा त्या तारांबद्दलच बोलले, "बघ, तारा बाहेर आहेत."

मला त्यात विशेष काय ते कळेना. तेव्हा त्यांनी पहिल्या पुलाची गोष्ट काढली.

मांडवीवरचा पहिला महामार्गाचा पूल १९७० मध्ये वाहतुकीला खुला झाला. पोर्तुगीज जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याआधी मुंबईकडून येणाऱ्याला पणजीत शिरायला होडी किंवा फेरी. तो पूल पूर्वताणित काँक्रीटचा होता. काँक्रीटला दाब चालतो, ताण चालत नाही, म्हणून त्याच्या पोटात नळ्या ठेवून त्यातून पोलादी तारा ओवतात, त्या जोर लावून ताणतात आणि टोकाला अडकवून ठेवतात. तारा सतत आक्रसू पाहतात, काँक्रीट सतत दाबलेलं राहतं. मग नळीत सिमेंटचं दाट पाणी, म्हणजे ग्राउट, भरतात, जेणेकरून तारांना हवा-पाणी लागू नये. बांधायची पद्धतही देखणी. नदीत खांब उभा करायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्यावरच्या कावडीसारखं वजन सांभाळत, सारख्याच लांबीचे हात पुढे वाढवत न्यायचे. खाली भरतीओहोटी चालू असली तरी टेकू लावावे लागत नाहीत.

"आणि ग्राउट नीट भरलं नाही तर?" मी विचारलं.

"तर बाहेरून काहीच दिसत नाही," मामा म्हणाले. "तेच तर."

मांडवीचं पाणी पणजीपाशी खारं असतं. खारी हवा काँक्रीटच्या बारीक फटींतून आत जाते, नळीत कुठे पोकळी राहिली असेल तिथे तार गंजायला लागते. आणि ताणलेली तार गंजली की साध्या सळईसारखी हळूहळू फुगून वरचा थर उडवत नाही, इशारा न देता तुटते. वाशीच्या पहिल्या खाडीपुलाला, म्हणजे १९७३ च्या पुलाला, हाच रोग झाला होता. त्याच्या तारांना गंज धरल्यावर बाहेरून नव्या तारा ताणून त्याला सावरावं लागलं. मामांनी हे अगदी घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलतात तसं सांगितलं. मांडवीच्या पुलाला तेवढीही सवड मिळाली नाही. ५ जुलै १९८६ ला, ऐन पावसाळ्यात, तो कोसळला. उभा राहून अवघी सोळा वर्षं झाली होती.

आमच्या शेजारी कठड्याला टेकून एक गृहस्थ उभे होते. हातात माशांची प्लॅस्टिकची पिशवी, डोक्यावर टोपी. ते बराच वेळ ऐकत होते. १९८६ म्हटल्यावर ते आमच्याकडे वळले.

"पूल सोळा वर्सांचो," ते म्हणाले, "म्हजी सायकल ताचे परस पोरणी." म्हणजे त्यांची सायकल पुलाहून जुनी.

मग ते निम्मं कोंकणी, निम्मं मराठी असं बोलत राहिले. ते बेतीचेच. तेव्हा पणजीत एका कचेरीत नोकरीला होते. पूल पडल्यावर आख्खा उत्तर गोवा या धक्क्यावर येऊन उभा राहिला, असं ते म्हणाले. दूध, भाजी, पेपर, शाळेची मुलं, बाळंतपणाला निघालेल्या बायका, सगळं फेरीबोटीने. पावसात छत्र्या एकमेकांत अडकायच्या. कचेरीत उशीर झाल्याचं कारण लिहायला वेगळी वही ठेवली होती आणि तीत सगळ्यांचं कारण एकच. त्यांची सायकल रोज त्यांच्याबरोबर फेरीत असायची आणि पलीकडे उतरून ते पुढे चालवत जायचे. पूल होता तेव्हा याच सायकलला, आता बसने जा म्हणून, घरात टाकून दिलं होतं. हे सांगताना ते खुशीत हसले.

नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. म्हणजे सहा वर्षं हा धक्काच महामार्ग होता. त्या पुलाशेजारी आणखी एक पूल १९९८ मध्ये झाला, म्हणून आता खाली दोन आहेत. मामांनी त्या गृहस्थांना विचारलं, "पहिला पडला तेव्हा भीती वाटली नाही का नव्यावरून जायची?" ते म्हणाले, भीती जुवारीची वाटायची. आणि ते खरंच. मडगावच्या वाटेवरच्या जुवारी नदीवरचा १९८३ चा पूलही त्याच जातीचा, दोन हात मधे भेटतात तिथे बिजागरी असलेला. काळानुसार अशा पुलांचे हात बिजागरीपाशी किंचित खाली झुकतात, गाडी त्यावरून गेली की टप्प् असा धक्का बसतो. पाटण्याच्या गंगेवरच्या महात्मा गांधी सेतूचंही तसंच झालं होतं, शेवटी त्याचं वरचं सगळं काँक्रीट काढून पोलादी सांगाडा बसवला. मांडवीनंतर जुवारीवर जड वाहनांना बंधनं आली आणि गोव्यातल्या लोकांनी तीस-पस्तीस वर्षं मडगावला जाता येता तो धक्का मोजला. तिथे तारांचा नवा पूल २०२२ च्या डिसेंबरात अर्धा आणि त्यानंतरच्या डिसेंबरात पुरा सुरू झाला.

आता मामांच्या पहिल्या वाक्याचा अर्थ मला लागला. अटल सेतूच्या या मुख्य तारा बाहेर आहेत, म्हणजे दिसतात. अशा पुलांवरच्या तारा तपासता येतात, गरज पडली तर एकेक करून बदलताही येतात. काँक्रीटच्या पोटात तारा याच्यातही आहेतच, पण सगळा भार त्यांच्यावर टाकून हात जोडून बसायचं नाही, एवढं तरी झालं. २७ जानेवारी २०१९ ला उद्घाटन झालं तेव्हा मनोहर पर्रीकर खूप आजारी होते, तरी आले. १७ मार्चला ते गेले. पर्रीकर मुंबईच्या आयआयटीत धातुशास्त्र शिकलेले. जिथे गंजाने एक पूल पडला त्याच नदीवर हा पूल करून घेणारा मुख्यमंत्री धातूवाला असावा, याचं मला फार बरं वाटलं. मामांना नाही. ते म्हणाले, "मुख्यमंत्री काय ग्राउट भरतो?"

पणजीला उतरल्यावर आम्ही रायबंदरकडे गेलो. हा हट्ट माझा. पणजीहून रायबंदरला जाणारा लिन्हारेसचा बांध १६३३-३४ मध्ये कोंद द लिन्हारेस या व्हाइसरॉयने बांधून घेतला. तीनेक किलोमीटर, जांभ्याच्या दगडाच्या कमानी, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि कांदळ. त्यावरून आजही बसा जातात. अरुंद आहे, गर्दी आहे, मागून बस आली की जीव मुठीत येतो. मामांनी मला गाडी कडेला घ्यायला लावली, खाली वाकून एका कमानीच्या दगडांचा सांधा बोटाने चाचपला आणि म्हणाले, "लोखंड नाही. म्हणून गंज नाही." पण पुढे लगेच, "पण याच्यावरून टँकर जाऊ दे बघू." लोखंडाशिवायच्या कमानीला मोठा गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं मोठं अंतर, जमत नाही, मांडवीच्या पात्रात एवढे कमानींचे खांब उभे केले तर होड्या कुठून जायच्या आणि पुराचं पाणी कुठून जायचं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी हेही जरा ऐकावं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने अटल सेतूवरून गेलो. पुलाची लांबी पाच किलोमीटरच्या वर, त्यातला नदीवरचा भाग बघता बघता संपतो. टॅक्सीवाल्याने त्या तेवढ्या अंतराचे जे पैसे सांगितले, त्यात कोल्हापूरला आम्ही दोघं हॉटेलात दोन दिवस जेवलो असतो. मामांनी वर जाताना खिडकीची काच खाली केली, तारांकडे मान वर करून बघत राहिले आणि उतारावर आल्यावर टॅक्सीवाल्याला विचारलं, "जुवारीला जाऊन परत यायचे किती घेशील?"