डावीकडची फडफड थांबली!

थांबली एकदाची! कयाकसाठी मी घरी सीडरचं ग्रीनलंड वल्हं केलंय, दोन्ही टोकांना लांब अरुंद पाती असलेलं. मागच्या तीन अपडेटमधे जिच्याबद्दल लिहीत होतो ती त्याची डाव्या बाजूची फडफड काल व्हँकुव्हरजवळच्या डीप कोव्हला पूर्ण गेली, तिथल्या इंडियन आर्म खाडीत समोरून वारा होता तरी.

लांबीचं माप तेच आहे, एक वाव (दोन्ही हात पसरून होतं तेवढं) आणि एक हात (कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत), माझं २१८ सेंमी भरतं. उजवीकडे पातं आवाज न करता पाण्यात शिरायचं आणि डावीकडे शिरलं की थरथर, वर हवा ओढून बुडबुडे. आमच्या कयाक ग्रुपमधे यावरून दर रविवारी भांडण. युरो ब्लेडवाले, म्हणजे रुंद पात्यांची नेहमीची वल्ही वापरणारे, म्हणतात ते लाटणं आहे, घरी पोळ्या कर. एकजण म्हणतो कँट (पात्याचा कल) वाढव, म्हणजे वरची कड अजून पुढे झुकव, दुसरा म्हणतो मनगटच सोडून दे. आणि एकाने अल्यूट वल्ह्याच्या पात्यावरचा उंचवटा, म्हणजे कणा, पुढे की मागे हा विषय काढला, मग काय, थर्मासमधला चहा गार झाला तरी कोणी हटेना. (अल्यूट वल्हं इनुइट नव्हेच, ते अल्यूशन बेटांवरच्या उनांगन लोकांचं, हे मी परत परत सांगणार.)

कॅलिपर लावून बघितलं तर दोन्ही पाती सारखीच. मग परवा स्वयंपाकघरात डोळे मिटून वल्हं धरलं, बायकोला म्हटलं मी पातं उभं धरलंय ना गं? ती म्हणाली, "अहो, जमिनीकडे बघतंय ते." तिथे ट्यूब पेटली! लूम, म्हणजे हातात धरायचा मधला दांडा, मी ३८ मिमी गोल केला होता, त्यामुळे हाताला पात्याचा कोन कळतच नव्हता, आणि इतकी वर्षं फेदर्ड युरो (दोन पाती एकमेकांशी कोनात वळवलेलं वल्हं) मारल्यामुळे डावा स्ट्रोक आला की उजवं मनगट आपोआप मागे वळायचं. स्पोकशेव्हने (दोन मुठींचा छोटा रंधा) पात्याच्या कडांकडच्या दोन बाजू तासून लूम ३० मिमीवर आणला, समोरून मागे ३८ च ठेवला. आता बोटांना लंबगोल लागतो आणि कँट आपला आपण राहतो. सीडरला सँडर लावू नका हां, इतकं मऊ लाकूड आहे की दोन सेकंदात खड्डा पडतो.

आज टंग ऑइलचा दुसरा हात देणार होतो पण काल खडकावर टोकाचा टवका उडाला. ग्रीनलंडचे शिकारी वाहून आलेल्या लाकडाच्या वल्ह्याला टोकाशी हाड बसवायचे ते यासाठीच की! हे लिहिता लिहिता ठरलं, तेल नंतर, आधी एपॉक्सीने मेपलची टोकं. कोणी बसवली असतील तर सांगा, सांधा सरळ ठेवू की खाच करू?